धाकटीचा हात हलका आहे

आमच्या कुत्र्याच्या बरगडीवरची गाठ फुटली त्या सकाळी मला आधी राग आला, काळजी मागून आली. राग याचा, की गाठ फुटल्यावर तो माझ्याकडे आला नाही. भिंतीच्या खिंडीतून पलीकडे माझ्या धाकट्या जावेकडे गेला. मी अंगण झाडायला बाहेर आले तर माझ्या ओट्यापासून खिंडीपर्यंत रक्ताचे थेंब पडलेले, आणि पलीकडून तिचा आवाज: "थांब बापा, थांब. पाहू दे मले."

खराटा हातातच राहिला. बारा वर्षं मी त्याला वाढवला, आणि दुखलं तर हा तिकडे.

शेलूबाजारपासून आमचं गाव जवळच आहे. आमचे हे आणि माझा दीर, दोघं भाऊ एकाच घरात राहायचे. चार वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या. वावर वाटलं, बैलं वाटली, घराचे दोन भाग झाले आणि अंगणात कमरेएवढी भिंत आली. पाण्याचा पाइप जायला भिंतीत एक खिंड ठेवली होती, तेवढी कुत्र्याला पुरायची. भाऊ भाऊ अजूनही एका बांधावर बसून जेवतात. बोलत नाही त्या आम्ही दोघी जावा.

कारण सांगितलं तर हसाल. भांडी वाटताना पोळपाट माझ्याकडे आला आणि लाटणं तिच्याकडे गेलं. मी म्हटलं, लाटणं दे. ती म्हणाली, पोळपाट द्या. तिथून जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. मी बाटलीनं पोळ्या लाटल्या, पण लाटणं मागायला गेले नाही. ती पोळ्या कशावर लाटायची ते मी विचारलं नाही.

आता एका अंगणात राहायचं म्हटल्यावर निरोप तर द्यावेच लागतात. ते आम्ही कुत्र्यामार्फत द्यायचो. माझी पाण्याची टाकी भरून वाहायला लागली की ती पलीकडून कुत्र्याला म्हणायची, "सांग रे तुया माणसायले, पाणी वाहून राह्यलं." तिच्या वाळत घातलेल्या डाळीत शेळी शिरली की मी त्याला म्हणायची, "जाय रे, तिकडं कोणी झोपलं असन तं उठव." तो बिचारा दोघींच्या तोंडाकडे पाहायचा आणि शेपटी हलवायचा. गावातल्या बाया हसायच्या. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

खरं सांगायचं तर तो माझा. ह्यांनी त्याला पोहरादेवीच्या यात्रेतल्या गर्दीतून उचलून आणला तेव्हा तो तळहाताएवढा होता, डोळे नुकते उघडलेले. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून मी त्याला जगवला. धाकटी तेव्हा या घरात आलीसुद्धा नव्हती, ती दोन वर्षांनी लग्न होऊन आली. आणि आल्यापासून एकेक करून माझं सगळं तिचं होत गेलं. दारापुढची रांगोळी तिची चांगली. पाहुणे आले की चहा तिच्या हातचा. सासूबाईंच्या पायाला साखरेमुळे जखम झाली, तर ती धुवायला त्यांना धाकटीच लागायची. मी पाणी घेऊन बसले की त्या पाय ओढून घ्यायच्या. म्हणायच्या, "तुहा हात जड आहे वं. धाकटीचा हात हलका आहे." शेवटच्या महिन्यात तर माझ्यासमोर, आल्यागेल्यासमोर हेच. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. हात जड, मग भांडीही जडच वाजणार.

म्हणून वाटणीच्या दिवशी कुणीतरी विचारलं, "आन् कुत्रं कोणाचं?" तेव्हा मी हातातलं भांडं खाली ठेवून कान दिला. आमच्याकडे पिठाच्या शेवटच्या गोळ्याची भाकर कुत्र्याची असते. पंचांतले एक म्हातारे म्हणाले, "ज्याच्या घरची शेवटची भाकर खाईन, त्याचं कुत्रं." त्या संध्याकाळी नव्या भिंतीच्या अलीकडे मी भाकर ठेवली, पलीकडे तिनं ठेवली. तो दोन्हीकडे फिरला, हुंगला, आणि माझी खाल्ली. त्या रात्री मी पोटभर जेवले.

पण दुपारची झोप तो तिच्या ओट्यावर काढायचा. का, ते मी मनाशी पक्कं करून ठेवलं होतं: ती त्याला फितवते. दुकानातून बिस्किटाचे पुडे न्यायची ना. तिची पोरगी शिकायला आजोळी वाशिमला, दीर चहात बिस्किट बुडवत नाही, मग पुडे कुणासाठी? माझी एक भाकर आणि तिची ताटभर बिस्किटं, असा हिशेब मी चार वर्षं उगाळत होते.

तर त्या सकाळी मी खराटा टाकला आणि हाक मारली. तो आला, पण रमतगमत, मागं बघत. बरगडीवरची गाठ वर्षभर होती, आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. दुखत नव्हती म्हणून आम्ही सोडून दिली होती. आता ती मधोमध फुटली होती आणि आतून रक्त नि पिवळट, दह्यासारखं काहीतरी येत होतं. वास असा की मला पदर नाकाला लावावा लागला. मी त्याला खांबाला बांधलं आणि आमच्याकडे सगळ्या जखमांना करतात तेच केलं, मूठभर हळद तेलात कालवून भरली.

तो माझ्यावर गुरगुरला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्याचे दात असे जवळून पाहिले. मी हात मागे घेतला आणि त्याला शिवी दिली. ओट्यावर बसून मग मी रडले, पण ते कुणाला दिसलं नाही.

दुपारी ह्यांच्या गाडीवर त्याला मध्ये बसवून आम्ही शेलूबाजारच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, बैलाच्या शिंगाचं काम अर्धवट ठेवून आला. जखमेतली हळद पाहून म्हणाला, "काकू, हे भाजीले घाला. याच्यावर धूळ चिकटते, माश्या बसतात, अळ्या पडल्या तं सुटका नाही." उकळून थंड केलेल्या मिठाच्या पाण्यानं दोन वेळा धुवायचं, मलम लावायचं, चाटू द्यायचं नाही, माशी बसू द्यायची नाही. गाठ कापायची तर बेशुद्ध करावं लागेल, अकोल्याला न्यावं लागेल, आणि या वयात तो ते सोसेल की नाही सांगता येत नाही. "आधी जखम आटोक्यात आणू. दुखण्याची गोळी रोज अर्धी, जेवल्यावर. अर्धीच." मी मान हलवली. गोळ्यांचं पाकीट कमरेला खोचलं आणि मनात म्हटलं, आता बघते कुणाचा हात लागतो याला.

संध्याकाळी ह्यांनी त्याचं तोंड धरलं, मी पाणी ओतलं. तो असा धडपडला की पातेलं उलटलं आणि ह्यांच्या मनगटाला दात लागले. कसंबसं मलम फासलं आणि चाटू नये म्हणून ह्यांची जुनी बनियन त्याच्या गळ्यातून घातली. बनियन ढगळ होती, मागून लोंबायची. तो त्यात अडखळत फिरायचा. पण माझं काम मी केलं होतं. शेवटच्या भाकरीच्या तुकड्यात अर्धी गोळी दडवून त्याला चारली. पलीकडून कुणी पाहत नाही ना, ते आधी बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खिंडीतून परत आला तेव्हा त्याच्या अंगात कुडती होती. शिवलेली. फुलाफुलांच्या जुन्या लुगड्याची, पोटाखाली तीन नाड्या, पुढच्या पायांना बाह्या, आणि जखमेच्या जागी उघडता येईल अशी झडप. बनियन घडी घालून खिंडीत ठेवलेली होती, धुतलेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कुडती उघडून बघितली. जखम स्वच्छ. कडेचे केस कात्रीनं बारीक कापलेले, जे करायचं मला सुचलं नव्हतं. मी कुडती काढली, घडी करून खिंडीत ठेवली आणि त्याला बनियन घातली. संध्याकाळी तो परत कुडतीत. मी परत काढली. हे म्हणाले, "काहून जीव खातं त्याचा? राहू दे ना." मी म्हटलं, "तुमी बोलू नका. तुमाले काय समजते." ते वावरात निघून गेले, ते नेहमी वावरातच निघून जातात.

तिसऱ्या दिवशी मी भिंतीवर धुणं टाकायच्या निमित्तानं पलीकडे बघितलं. ती ओट्यावर मांडी घालून बसली होती. तो आडवा पडलेला, डोळे मिटलेले, एक पंजा तिच्या गुडघ्यावर. ती कापूस मिठाच्या पाण्यात बुडवायची, पिळायची, आणि जखमेवर नुसता टेकवायची. चोळत नव्हती. टेकवायची आणि वाट पाहायची. त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होती, निरोप नव्हता तो, उगीच बोलणं होतं. सासूबाईंच्या पायाशी ती अशीच बसायची. मला तेव्हा वाटलं होतं, दाखवायला करते. इथे तर बघायला कुणी नव्हतं.

धुणं टाकून झालं तरी मी तिथेच उभी होते. मला दोन गोष्टी एकदम वाटल्या, की त्याला बरं वाटू दे, आणि तिच्या हातानं नको. दुसरी जास्त वाटली. लाज वाटते सांगायला, पण जास्त वाटली.

त्यानंतर मी जखम धुवायचा प्रयत्न सोडला. पण गोळी सोडली नाही. धुणं तिचं तर तिचं, दवा माझी. रोज संध्याकाळी भाकरीत अर्धी गोळी. कुत्र्यामार्फत आम्ही एकमेकींना टाकीचं सांगितलं, शेळीचं सांगितलं, दारात आलेल्या भांडेवालीचं सांगितलं. गोळीचं सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर माझ्या हातात उरलेलं एवढंही तिला कळलं असतं.

सहाव्या सकाळी तो उठला नाही. माझ्याच ओट्यावर होता. दोनदा ओकला, त्यात तांबूस काळं होतं. शी केली तीही डांबरासारखी काळी. मी ओरडले तशी ती भिंतीवरून आली, खिंडीतून नाही, फाटकातून नाही, लुगडं खोचून सरळ भिंतीवरून. दोघा भावांनी त्याला पोत्यावर घेतला आणि दिरानं गावातल्याच एकाची मालवाहू गाडी बोलावली. मागच्या हौद्यात एका बाजूला मी बसले, एका बाजूला ती, मध्ये तो. शेलूबाजारपर्यंत मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि तिनं पोटावर.

डॉक्टरनं हिरड्या पाहिल्या, पांढऱ्या फटक पडल्या होत्या. पोट दाबलं. मग वर बघून विचारलं, "गोळी किती देता?"

"अर्धी," मी म्हटलं.

"अर्धी," ती म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला, मग तिच्याकडे. मी कमरेचं पाकीट काढलं. तिनं पिशवीतून तिचं काढलं. पहिल्याच दिवशी दीर तहसीलच्या कामाला मंगरूळपीरला गेला होता, तेव्हा तिनं फोनवर जखमेचा फोटो देऊन त्याला तिथल्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. पाकिटांवरची नावं वेगळी, दवा एकच. ती दुपारी द्यायची, मी संध्याकाळी. चार दिवस.

"त्याच्या पोटात छाले पडले असतीन," डॉक्टर म्हणाला. "म्हातारं कुत्रं. तुमी दोघी एकाच घरच्या ना?"

आमचे हे चपलेकडे बघत होते. दिरानं खाकरल्यासारखं केलं.

डॉक्टरनं सलाइन लावलं, सुया दिल्या. पहिल्या गोळ्या बंद करून पोटाची वेगळी दवा लिहिली. चिठ्ठी हातात धरून तो म्हणाला, "आता एक आयका. धुणं, दवा, सगळं एकाच माणसाच्या हातानं झालं पायजे. कोणाच्या ते तुमी ठरवा. पण एकाच." आणि चिठ्ठी मधेच धरून उभा राहिला.

मला माहीत होतं काय म्हणायचं ते. तो माझा, बोळ्यानं दूध पाजलेला, पंचांसमोर माझी भाकर खाल्लेला. मग त्यानं पडल्या पडल्या पाय हलवला आणि कुडतीची झडप बाजूला झाली. खालची जखम सुकत आली होती, कडेनं गुलाबी कातडी धरत होती. ती माझ्या हातानं झाली नव्हती.

"तिच्या हातात द्या," मी म्हटलं. "माहा हात जड आहे."

चार वर्षांत तिच्यासमोर, तिच्याबद्दल, कुत्र्याला न सांगता बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. तिनं चिठ्ठी घेतली. माझ्याकडे बघितलं नाही, ते बरंच झालं.

त्याला तिच्या ओट्यावर नेलं. दवा पातळ होती, ती पिचकारीनं त्याच्या गालात सोडायची. पण डॉक्टरनं सांगितलं होतं, पोटात काहीतरी गेलं पाहिजे, नाहीतर दवेचाही उपयोग नाही. मी माझ्या घरात बसून राहायची आणि कान तिकडे. पहिल्या दिवशी तिनं दहीभात केला, त्याला चुचकारत होती. नाही खाल्ला. दुसऱ्या दिवशी वरणाचं पाणी, पातळ पेज. नाही. ती आवाज देऊन देऊन थकली. आणि मला, मला आतून बरं वाटत होतं. एक भाकर जास्त थापावी एवढं बरं. तो उपाशी मरत होता, आणि मी चुलीसमोर बसून मनात म्हणत होते, खातो का तुझ्या हातचं? खाऊ घाल ना बिस्किटं.

तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. फाटकाची कडी वाजली.

"बाई, भाकर झाली काय?"

मी सवयीनं आजूबाजूला बघितलं, कुत्र्याकडे बघून बोलतेय म्हणून. कुत्रा नव्हता. ती माझ्याशीच बोलत होती. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत.

"नाई खात तो माह्या हातचं," ती म्हणाली. "कदीच नाई खाल्लं."

"कदीच म्हंजे?"

"वाटणी झाली तवापासून. रोज भाकर ठेवतो मी, बिस्किटं ठेवतो. हुंगते अन् झोपते. मुंगळे नेतात सारं."

मी तव्यावरची भाकर उलटायची विसरले. "मंग गोळी कशी देत होती?"

"जबडा उघडून, जिभेच्या मागं. गळा चोळत होतो. खात असता तं भाकरीतच दिली असती ना, बाई. मले वाटे, तुमी घरात बसून हसत असान. कुत्रं मोठीचं, खाते मोठीचं, मी नुसती ओट्याची मालकीण."

म्हणजे ती पण. चार वर्षं भिंतीपलीकडे ती पण. मला खरं तर हसू यायला पाहिजे होतं. भाकरीची एक बाजू करपली होती. मी शेवटचा गोळा घेतला, थापला, भाजला, फुंकर घालून निववला, आणि पदरात घेऊन तिच्या मागं निघाले. तिच्या फाटकातून मी पहिल्यांदा आत गेले. ओट्यावर कोपऱ्यात आमचं लाटणं टेकवून ठेवलेलं होतं. तिनं त्याला कुडतीचे धागे गुंडाळले होते.

तो पडला होता. मला पाहून शेपटी एकदा हलली. मी गुडघे टेकले, भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडाजवळ नेला. त्याला वास आला, नाक हललं. मग त्याची नजर माझ्या हातावर गेली आणि त्यानं मान मागे घेतली. गुरगुरला नाही. नुसती मान मागे घेतली, सासूबाई पाय घ्यायच्या तशी.

याच हातानं मी हळद भरली होती, भाकरीत गोळी दडवली होती. मी तिथेच तुकडा धरून बसले. तिनं माझ्या हातातून भाकर अलगद काढून घेतली. एक बारीक तुकडा मोडला आणि त्याच्या ओठाला टेकवून वाट पाहिली. तो खायला लागला. एक तुकडा, मग दुसरा. सावकाश, डोळे मिटून. माझी भाकर होती, तिच्या हातानं.

तो खातोय म्हणजे तो जगेल, हे मला समजत होतं. तरी माझे डोळे भरून आले ते त्यासाठी नव्हते. मला ते बघवत नव्हतं. पण तिला वाटलं, आनंदानं. तिनं रिकामा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, "खाऊन राह्यला, बाई. पाहा, खाऊन राह्यला."

हात खरंच हलका आहे तिचा.